दोघांनीच घरात राहायचंय : तयारीत काय राहून जातंय?

ओसरी | १३ मार्च २०२०

नमस्कार मंडळी. मी ६९ वर्षांची, हे ७४. घरात आम्ही दोघंच. मुलं दूर आहेत आणि सध्या कुणीही यायचं नाही असं आम्हीच त्यांना बजावलंय.

परवा ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. बातम्या संपल्यावर आम्ही टीव्ही बंद केला आणि वही घेऊन टेबलाशी बसलो. ह्यांना वीस वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. माझ्या बोटांना संधिवात. साठीच्या पुढच्यांना आणि असे जुने आजार असणाऱ्यांना धोका जास्त, हे रोज कानावर पडतंय. म्हणजे आम्ही दोन्ही रकान्यांत बसतो. तेव्हा बाहेरून कुणी सांगायची वाट न बघता आपणहून दार लावून घ्यायचं ठरवलंय.

वहीत आत्तापर्यंत हे लिहून झालंय: दोघांची महिनाभराची औषधं. तीन आठवड्यांचा शिधा, नेहमी खातो तोच. साबण. तापमापक (जुना पाऱ्याचा आहे, आकडा दिसत नाही, नवा हवा). ह्यांच्या कानयंत्राच्या बॅटऱ्या. विजेऱ्या. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवून.

यादी वाचली की पुरेशी वाटते. पण रात्री जाग येते आणि वाटतं, काहीतरी मोठं सुटतंय. ते काय, ते सुचत नाही. ज्यांच्या घरी वयस्क जोडपं आहे किंवा जे स्वतः त्या वयाचे आहेत, त्यांनी लिहा.

सांजवेळ | १३ मार्च २०२०

छान धागा ताई. चष्म्याची जुनी जोडी शोधून ठेवा. चालू चष्मा मोडला तर नवा करायला बाहेर पडावं लागेल.

रानजाई | १३ मार्च २०२०

औषधांबद्दल एक. नुसती मोजून ठेवू नका, कोणती गोळी कशासाठी आणि कधी हे दोघांनाही माहीत असू दे. आमच्याकडे बाबांच्या गोळ्या आईच्याच हातात. तिला एकदा दोन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं, तेव्हा बाबांनी सकाळची रक्तदाबाची गोळी रात्रीची समजून दोनदा घेतली. उठताना चक्कर येऊन पडले. हाड मोडलं नाही हे नशीब.

मुसाफिर | १३ मार्च २०२०

मी ७३. माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. रोज पहाटे पाऊण तास चालतो म्हणून मी धडधाकट आहे. वय झालं म्हणून मला घरात कोंडायचं हे पटत नाही. काळजीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना आजारी पाडायचा प्रकार आहे हा. दोन महिने खुर्चीत बसलो तर विषाणू राहिला बाजूला, गुडघेच संपतील.

दुपारची_उन्हं | १३ मार्च २०२०

@मुसाफिर, काका, तुम्ही चालता हे फारच छान. पण यात फक्त तुमचा प्रश्न नाही ना? काकूही घरात असतील.

मुसाफिर | १४ मार्च २०२०

आहेत. त्यांना दमा आहे. रात्रभर त्यावरच विचार करत होतो.

निळाई | १४ मार्च २०२०

तीस वर्षं परिचारिका आहे, त्यातली बरीचशी वृद्धांच्या कक्षात गेली. थोडं सविस्तर लिहिते.

आधी मुसाफिर काकांचा मुद्दा, कारण तो खरा आहे. उतारवयात स्नायू वापरले नाहीत की भराभर झडतात. निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून पाहिलं गेलंय. तेवढ्यात पायांच्या स्नायूंचं वजन साधारण किलोभर घटलं. म्हणून घरात राहा, पण बसून राहू नका. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीशी टेकलेल्या जड खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहणं. फोनवर बोलताना येरझारा. पहाटेचं चालणं बंद झाल्याची भरपाई यातून बरीचशी होते. आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरचे गालिचे, वायरी आत्ताच उचला. घरात राहायचं म्हणजे पडण्याची शक्यता घरातच जास्त.

दुसरं, ताप. वयस्क माणसाला संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. मुळात त्यांचं तापमान तरुणांपेक्षा थोडं खाली असतं. म्हणून आठवडाभर रोज एकाच वेळी दोघांचं तापमान घ्या आणि लिहा. आपलं नेहमीचं किती, हे कळल्याशिवाय वाढलेलं कळत नाही. तापाव्यतिरिक्त बघायच्या गोष्टी: अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण टाकणं, विनाकारण पडणं, दिवसभर ग्लानी. पुष्कळदा आजाराची पहिली खूण हीच असते आणि घरचे म्हणतात, "वय झालंय, होतं असं."

तिसरं, रुग्णालयाची पिशवी भरून दाराजवळ ठेवा. दोघांच्या दोन. औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे ते, चष्मा, कानयंत्र आणि बॅटऱ्या, फोनचा चार्जर, जवळच्या माणसांचे नंबर कागदावर. अशा साथीत सोबत कुणाला आत सोडतील याचा भरवसा नसतो. कानयंत्राविना दाखल झालेला माणूस डॉक्टरांच्या प्रश्नांना नुसती मान हलवतो, आणि ते त्याचं उत्तर समजलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओसरी | १४ मार्च २०२०

निळाईताई, मान हलवण्याचं वाचून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी तर घरातही हेच करतो." आजच पिशव्या भरतो.

गणिती | १४ मार्च २०२०

महिनाभराची औषधं याबद्दल: रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी या आजाराचा धोका वाढतो असा एक संदेश सगळीकडे फिरतोय. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या त्या गोळ्या. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कालच निवेदन काढलंय की याला पुरावा नाही, गोळ्या चालूच ठेवा. कृपया कुणीही मनाने बंद करू नका. रक्तदाब भडकणं हा धोका खात्रीचा आहे.

बोरू | १५ मार्च २०२०

अवांतर, पण विषयाला धरून. घरात किती दिवस बसायचं हा प्रश्न जुना आहे. १३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले. इटालियनमधल्या 'चाळीस'वरूनच क्वारंटाईन हा शब्द आला. व्हेनिसने १४२३ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी एका बेटावर कायमचं रुग्णालयच काढलं. रोगजंतू म्हणजे काय हे कुणालाही माहीत नसतानाची ही गोष्ट. अंतर ठेवलं की साथ मंदावते, एवढं मात्र त्यांना अनुभवाने उमगलं होतं.

सांजवेळ | १५ मार्च २०२०

चाळीस! आमच्या आईला चार दिवस घरात बसवून दाखवा, मी तुम्हाला व्हेनिसचं तिकीट काढून देते.

बोरू | १५ मार्च २०२०

तिकीट सध्या राहू द्या, आईंना सांभाळा. :)

गणिती | १५ मार्च २०२०

आत्ताचं बोलायचं तर संसर्गानंतर लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस लागतात, उशिरात उशिरा चौदा. फेब्रुवारीत योकोहामाला थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर सुमारे ३७०० माणसं होती, बरीचशी वयस्क. त्यातल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली आणि तपासणीच्या वेळी त्यातल्या जवळपास निम्म्यांना काहीच त्रास होत नव्हता. म्हणून "तो खोकत नव्हता" यावर विसंबून कुणाला घरात घेऊ नका.

टाकीचे_घाव | १६ मार्च २०२०

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत, पण ओसरीताई रात्री जाग्या होतात त्याचं उत्तर यात मला दिसलं नाही. मला जे वाटतं ते लिहितो.

तुमची सगळी यादी 'आम्ही दोघं' धरून केलेली आहे. दोघं मिळून दार लावणार, दोघं मिळून दिवस काढणार. पण दोघांतल्या एकाला लागण झाली तर? त्याला एका खोलीत जावं लागेल, दार बंद करून, दोन आठवडे. आणि उरलेल्याला अख्खं घर एकट्याने चालवावं लागेल. त्यात अशी कामं असतील जी त्याने आयुष्यात केलेली नाहीत.

चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या बहुतेक जोडप्यांत घर मधोमध वाटलेलं असतं. एकाला बँक, बिलं, फ्यूज, नळ. दुसऱ्याला स्वयंपाक, औषधं, कपडे, नातेवाईक. कुणी कुणाला शिकवत नाही, कारण कधी गरजच पडत नाही. आई गेली तेव्हा माझ्या वडिलांना घरात टॉवेल कुठे असतात हे माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं त्यांना टॉवेल हातात मिळत आला होता. ते कपाटासमोर उभे होते, ते मला अजून दिसतं.

ताई, तुमची वही उघडा आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तुम्हाला येणारी कामं, उजवीकडे फक्त त्यांना येणारी. मग अदलाबदल करा. शिधा दुकानातून येईल, ही विद्या येणार नाही.

रानजाई | १६ मार्च २०२०

+१. डोळ्यांत पाणी आलं.

दुपारची_उन्हं | १६ मार्च २०२०

या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत ठेवलाय. आजच आईबाबांना फोन करून वाचून दाखवणार.

ओसरी | १७ मार्च २०२०

टाकीचे_घाव, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काल संध्याकाळी रेघ मारली. माझ्या बाजूला सव्वीस कामं निघाली, ह्यांच्या बाजूला एकोणीस.

आज पहिला धडा झाला. मी पाण्याचा मुख्य कॉक शोधला. या घरात एकतीस वर्षं राहतेय, तो कुठे आहे हे आज कळलं. न्हाणीघराच्या मागच्या कोनाड्यात, गंजून घट्ट बसलेला. माझ्या बोटांनी हलेना. ह्यांनी तेल सोडलं, तासभर थांबायला लावलं आणि मग चावीला जाड फडकं गुंडाळून फिरवायला दिली. फिरली! ह्यांनाही माहीत नव्हतं की ती इतकी अडकलीय.

ह्यांचा धडा कपडे धुण्याच्या यंत्राचा. नऊ बटणं आहेत. आम्ही त्यातली दोनच वापरतो हे ऐकून ते बराच वेळ उरलेल्या सातांबद्दल विचारत राहिले. शेवटी त्या दोन बटणांवर लाल टिकल्या लावल्या.

मुसाफिर | १७ मार्च २०२०

आम्हीही रेघ मारली. माझ्या बाजूला सात कामं आहेत. सौंच्या बाजूची मोजायची मी थांबवली.

आणि हो, चालणं घरात आणलंय. पुढच्या दारापासून मागच्या खिडकीपर्यंत चौतीस पावलं. हिला श्वासाचा त्रास होऊ नये यासाठी एवढं करायला हवंच होतं. निळाईताई, खुर्चीचा व्यायाम सोपा नाही, सातव्या वेळेला मांड्या भरून आल्या.

निळाई | १७ मार्च २०२०

काका, सातपासूनच सुरू करा. दर दोन दिवसांनी एक वाढवा.

दुपारची_उन्हं | १९ मार्च २०२०

प्लास्टिकवर आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत टिकतो, पुठ्ठ्यावर २४ तास, असा शोधनिबंध परवा आला. आम्ही बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू तीन दिवस वेगळी ठेवतोय, मग पुसून घेतोय. ताई, तुम्हीही करा.

गणिती | १९ मार्च २०२०

थोडी असहमती. तो प्रयोग प्रयोगशाळेतला आहे आणि ७२ तासांनी उरलेलं प्रमाण सुरुवातीच्या मानाने अगदी क्षुल्लक होतं. सत्तरीच्या माणसांनी रोज ओणवं होऊन पिशव्या पुसत बसणं झेपणार नाही. सामान ठेवा, हात साबणाने वीस सेकंद नीट धुवा, तोंडाला हात लावू नका. विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, साबण तेच फोडतो. महागड्या द्रावणाची गरज नाही.

दुपारची_उन्हं | १९ मार्च २०२०

खात्री होईपर्यंत जास्त काळजी घेतली तर बिघडलं कुठे?

निळाई | १९ मार्च २०२०

बिघडतं ते असं: परवा ओळखीतल्या एका आजोबांनी जास्त स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र केलं. बंद न्हाणीघर. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ते वेळीच बाहेर आले म्हणून वाचले. ब्लीच वापरायचंच तर फक्त पाण्यात, दुसऱ्या कशातही नाही, आणि खिडकी उघडी ठेवून. एरवीही खिडक्या उघड्या असू द्या. माणसं एका खोलीत असली की हवा खेळती हवी.

रानजाई | २६ मार्च २०२०

मन फार जड झालंय म्हणून लिहितेय. माझ्या मावशीला ल्युपस आहे, बारा वर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर तब्येत टिकून आहे. या साथीवर तेच औषध चालतं अशी बातमी आली आणि चार दिवसांत गोळ्या नाहीशा झाल्या. तीन दुकानं झाली. एकाने सांगितलं, काल एक गृहस्थ सहा पाकिटं घेऊन गेले, "असू द्या घरात" म्हणून. मावशीकडे नऊ गोळ्या उरल्यात. मावसकाका सत्त्याहत्तर वर्षांचे, रोज फोन फिरवताहेत.

साठा करताना कृपया एवढं बघा की ती गोष्ट आपल्याला खरोखर लागते का.

ओसरी | २६ मार्च २०२०

रानजाई, काय बोलू. मावशींच्या डॉक्टरांना थेट विचारलंत का? दुसऱ्या गावी कुणी असेल तर तिथे चौकशी करायला सांगा. इथल्या वाचकांपैकी कुणी न लागणारी पाकिटं घेऊन ठेवली असतील तर आजच दुकानात परत करा, मी हात जोडून सांगते.

रानजाई | ३० मार्च २०२०

महिन्याच्या मिळाल्या. डॉक्टरांनी स्वतः फोन करून दुकानदाराला बाजूला ठेवायला लावल्या. सगळ्यांचे आभार.

सांजवेळ | १ एप्रिल २०२०

आणखी एक तयारी: फोनवरच्या भामट्यांची. आईला फोन आला, "तुमच्या भागात तपासणी आहे, नाव नोंदवायला ओटीपी सांगा." तिने सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मी दुसऱ्या फोनवर होते म्हणून कळलं. घरात एकटी असणारी वयस्क माणसं, घाबरलेली, फोनची वाट बघणारी. आम्ही आता फोनशेजारी चिठ्ठी लावलीय: "आकडा कुणालाही सांगायचा नाही. मुलीलासुद्धा."

ओसरी | ६ एप्रिल २०२०

टाकीचे_घाव यांनी सांगितलेलं एक पाऊल आम्ही पुढे नेलं. काल रंगीत तालीम केली! सकाळी सातपासून आज सकाळी सातपर्यंत हे मागच्या खोलीत, दार बंद, खिडकी उघडी. आजारी आहेत असं धरायचं. मी बाहेर. एकमेकांसमोर यायचं नाही. ज्यांना जमेल त्यांनी एकदा करून बघाच, कारण बसल्या बसल्या जे सुचलं नसतं ते करताना दिसलं.

ताट दाराबाहेर जमिनीवर ठेवलं, तर ह्यांना वाकून उचलता येईना. मग दाराशी स्टूल आलं.

खोलीत कचऱ्याचा डबा नव्हता.

औषधांच्या डबीचं झाकण दाबून फिरवायचं आहे. लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेलं ते झाकण माझ्या बोटांनाही उघडत नाही, नेहमी हेच उघडतात. दुपारी डबी हातात घेऊन मी बंद दारापुढे उभी होते, आणि ती उघडणारा माणूस दारापलीकडे. आता सगळ्या गोळ्या साध्या झाकणाच्या, वारांचे कप्पे असलेल्या डबीत काढून ठेवल्यात.

आणि रात्र. ह्यांना डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं आणि झोपताना यंत्र काढतात. अकरा वाजता मी दारावर टकटक केलं. उत्तर नाही. जोरात केलं. नाही. हाक मारली. तालीमच आहे हे ठाऊक असूनही माझे हातपाय गार पडले. शेवटी नियम मोडून दार उघडलं. हे उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत, शांत झोपलेले. मी तिथेच पायाशी बसून राहिले थोडा वेळ.

यावर काय करावं?

गणिती | ६ एप्रिल २०२०

फोन थरथरण्यावर ठेवून उशीच्या खोळीत घालायचा. बाहेरून रिंग द्या.

टाकीचे_घाव | ६ एप्रिल २०२०

फोन बंद पडला तर? दोरी. एक टोक त्यांच्या मनगटाला सैल, दुसरं दाराखालून बाहेर. दोनदा ओढायचं, त्यांनी एकदा उलट ओढायचं. वीज लागत नाही.

निळाई | ६ एप्रिल २०२०

दोरी मनगटाला बांधू नका हो. रात्री उठताना पायात अडकली तर नको ते होईल. फोनच बरा, आणि रात्री ठरलेल्या वेळेला त्यांनी स्वतः उठून रिंग द्यायची. शक्य असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. या आजारात दम न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरलेला सापडतोय. बोट गरम हवं, नखाला रंग नको, हात स्थिर ठेवून आकडा ठरेपर्यंत थांबायचं. चौऱ्याण्णवच्या खाली दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

मुसाफिर | १२ एप्रिल २०२०

आम्हीही तालीम केली, मी बाहेर. स्वयंपाक केला. काय केला ते लिहीत नाही. सौंनी दाराआडून विचारलं, "जळतंय का काही?" मी म्हटलं, "नाही, जळून झालंय." ती इतकी हसली की मला तिच्या दम्याची काळजी वाटली. आता रोज एक पदार्थ शिकतोय.

बोरू | ७ जून २०२०

धागा वर काढतोय. परवा, ५ तारखेला, जागतिक आरोग्य संघटनेने मुखपट्टीबद्दलचा सल्ला बदलला. जिथे अंतर राखता येत नाही तिथे साठीपुढच्यांनी वैद्यकीय मुखपट्टी वापरावी, असं आता स्पष्ट म्हटलंय. मार्चमध्ये निरोगी माणसाला गरज नाही असं सांगत होते.

सांजवेळ | ७ जून २०२०

आईला ऐकू कमी येतं, ती ओठ वाचते. मुखपट्टी लावली की ती एकदम एकटी पडते. आम्ही पाटी-खडू घेतलाय.

रानजाई | १८ जून २०२०

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची आपत्कालीन परवानगी अमेरिकेने १५ तारखेला मागे घेतली. मावशीच्या गोळ्या आता सहज मिळताहेत. मार्चचे ते दिवस मात्र विसरणार नाही.

ओसरी | ९ जानेवारी २०२१

मंडळी, इतक्या महिन्यांनी इथे येतेय. सगळं ठीक आहे, हे आधी लिहिते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ह्यांना लागण झाली. दाढ ठणकत होती, दोन आठवडे सोसली, शेवटी जावं लागलं. तिथूनच आली की आणखी कुठून, कोण सांगणार. पाचव्या दिवशी सकाळी हे वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. ताप नव्हता. निळाईताई, तुमचं 'गोंधळल्यासारखं' आठवलं आणि मी काही न विचारता त्यांना मागच्या खोलीत पाठवलं. डॉक्टरांना फोन केला. तपासणी झाली, होकारार्थी आली. माझी नकारार्थी.

डॉक्टर म्हणाले घरीच ठेवता येईल, पण लक्ष हवं. दहा दिवस. स्टूल तिथेच होतं, कचऱ्याचा डबा होता, वारांची डबी होती. फोन उशीच्या खोळीत. रोज रात्री अकराला, दोनला आणि पाचला माझी रिंग जायची, उलट रिंग आली की मी झोपायचे. ऑक्सिमीटरचा आकडा हे कागदावर ठळक लिहून दाराखालून सरकवायचे. ९६. ९५. ९६. सातव्या दिवशी ९३ आला. हात थंड असेल म्हणून चोळून पुन्हा घ्यायला लावला, तेव्हा ९५ आला. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. त्या दिवशी तासातासाला घेतला, डॉक्टरांनाही सांगून ठेवलं. पुन्हा खाली गेला नाही.

त्याच आठवड्यात न्हाणीघरातला नळ तुटून पाण्याचा फवारा सुरू झाला. मी कोनाड्यात गेले, फडकं गुंडाळलं आणि कॉक बंद केला. दाराआडून हे ओरडत होते, "उजवीकडे, उजवीकडे!" मी तोवर बंद करून पुसायला लागले होते.

टाकीचे_घाव, तुमच्या वडिलांच्या कपाटाची गोष्ट आम्ही त्या दहा दिवसांत कितीदा तरी काढली.

टाकीचे_घाव | ९ जानेवारी २०२१

ताई, काय लिहू. काकांना नमस्कार सांगा. वडील आता टॉवेल स्वतः घडी करून ठेवतात, फार नीट.

मुसाफिर | ९ जानेवारी २०२१

वाचताना श्वास रोखला होता. सौंनी दोनदा वाचायला लावलं. आमची दोन्ही माणसं ठणठणीत आहेत. खुर्ची पंधरा वेळा.

निळाई | १० जानेवारी २०२१

उलटं वर्तमानपत्र बघून तुम्ही थांबला नाहीत, फार मोलाचं केलंत. दोघांनी अजून महिनाभर दमानं घ्या, थकवा रेंगाळतो. आणि लस सुरू झालीय, पाळी आली की चुकवू नका.

दुपारची_उन्हं | १० जानेवारी २०२१

ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही विचारलं होतं, काय राहून जातंय. इतकं सगळं करून प्रत्यक्षात काही राहिलंच का? आम्हाला उपयोग होईल.

ओसरी | १० जानेवारी २०२१

राहिलं. एकच, पण राहिलं.

मधुमेहामुळे ह्यांच्या तळव्यांना नीट जाणवत नाही. खडा रुतला, फोड आला तरी कळत नाही. त्यामुळे रोज रात्री झोपण्याआधी मी ह्यांचे तळवे उजेडात धरून बघते. इतकी वर्षं बघतेय की ते काम आहे असं मला कधी वाटलंच नाही, म्हणून रेघेच्या कुठल्याच बाजूला ते आलं नव्हतं. तालमीतही सुटलं, कारण एका रात्रीने काही बिघडत नाही. तिसऱ्या रात्री अकराची रिंग दिली आणि एकदम लक्षात आलं, तीन दिवस ह्यांचे पाय कुणी बघितलेले नाहीत. ह्यांना स्वतःला वाकून तळवा दिसत नाही. सकाळी स्टुलावर ताटासोबत माझा हातातला आरसा ठेवला. आरसा जमिनीवर ठेवून वर पाय धरायचा, खिडकीपाशी, हे फोनवर सांगितलं. त्यानंतर आकड्याच्या कागदावर खाली रोज लिहून येऊ लागलं: "डावा ठीक, उजवा ठीक."

अकराव्या दिवशी दार उघडलं तेव्हा हे काहीतरी बोलायला लागले होते. मी त्यांना आधी पलंगावर बसवलं, दिवा लावला आणि दोन्ही पाय मांडीवर घेतले. उजव्या टाचेला थोडी भेग होती, बाकी स्वच्छ.